तू कोण, मी कोण?

१४ जुलै २०२४. रात्री उशिरा ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांतून मुलंमुली बाहेर पडली. कुणी तरी ओरडायचं, ‘तुमी के? आमी के?’ आणि जमाव उत्तर द्यायचा, ‘राजाकार! राजाकार!’ तू कोण, मी कोण? रझाकार, रझाकार.

ती क्लिप मी मोबाइलवर पाहिली तेव्हा आधी वाटलं, ऐकण्यात चूक होतेय. बांगलादेशात स्वतःला रझाकार म्हणवून घेणं? १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्या, शेजाऱ्यांची घरं दाखवून देणाऱ्या स्थानिक दलाचं हे नाव. तिथे याहून मोठी शिवी नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावायची गरज नाही. निजामाच्या राज्यात १९४७-४८ साली कासिम रझवीच्या रझाकारांनी जे केलं, त्यानंतर आपल्याकडेही जुनी माणसं काळ मोजताना ‘रझाकाराच्या वेळी’ असं म्हणायची. (हा रझवी लातूरला वकिली करायचा. मूळ शब्दाचा अर्थ नुसता ‘स्वयंसेवक’. काही शब्दांचं नशीबच फुटकं असतं.)

तर त्या दिवशी झालं होतं असं : सरकारी नोकऱ्यांत १९७१ च्या मुक्तियोद्ध्यांच्या वारसांसाठी ३० टक्के जागा राखीव होत्या. २०१८ सालच्या आंदोलनानंतर ही पद्धत बंद झाली होती, पण जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती पुन्हा लागू केली. विद्यार्थी विरोधात उतरले. त्याबद्दल पत्रकारांनी विचारलं तेव्हा पंतप्रधान शेख हसीना यांनी उलटा प्रश्न टाकला : मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नाही, तर मग काय रझाकारांच्या नातवंडांना नोकऱ्या द्यायच्या? रात्री मुलांनी ती शिवी स्वतःच अंगावर घेतली. घोषणेचा पुढचा भाग असा होता : कोण म्हणालं? कोण म्हणालं? हुकूमशहा, हुकूमशहा. आणखी एक होती : मागायला गेलो हक्क, ठरलो रझाकार. तीन आठवड्यांनी, ५ ऑगस्टला, हसीना देश सोडून भारतात आल्या. मधल्या काळात किती माणसं गेली? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अहवालानुसार १४०० पर्यंत असू शकतात.

पण माझं डोकं त्या घोषणेतच अडकलं. कारण ती नवी नाही. १९६९ ते ७१ च्या काळात ढाक्याच्या याच रस्त्यांवर हाच प्रश्न विचारला जायचा. तुमी के? आमी के? उत्तर असायचं, ‘बांगाली! बांगाली!’ तुझा माझा पत्ता? ‘पद्मा, मेघना, जमुना.’

प्रश्न तोच, चाल तीच. पन्नासेक वर्षांनी उत्तर मात्र उलटं, तेही मुद्दाम, चिडून, उपरोधाने. एका युद्धातून जन्मलेली ओळख त्याच देशातल्या मुलांना एवढी जड का झाली असेल? आपल्या आधीच्यांनी रक्त सांडून जी ओळख मिळवली, तिचं आपण काय लागतो?

भारतात १९७१ म्हटलं की आपल्याला ३ ते १६ डिसेंबर आठवतं. तेरा दिवस, आत्मसमर्पणाचा तो फोटो, सही करणारे नियाझी आणि शेजारी अरोरा. आपल्या सिनेमांमध्ये बांगलादेश नावाची जागा असते, माणसं क्वचितच. त्यामुळे थोडं मागे जाऊन सांगतो.

सोपी गोष्ट अशी सांगतात की पूर्व बंगालमधले लोक मुळात बंगाली, धर्माच्या नावाखाली त्यांना पाकिस्तानात कोंबलं, मग ते जागे झाले. ही गोष्ट खरी नाही. मुस्लिम लीगची स्थापना १९०६ साली झाली ती ढाक्यात. १९४० चा लाहोर ठराव, ज्याला पुढे ‘पाकिस्तान ठराव’ म्हणू लागले, तो मांडला ए. के. फझलुल हक यांनी. ते बंगाली. १९४६ च्या निवडणुकीत बंगालमधल्या जवळजवळ सगळ्या मुस्लिम जागा लीगने जिंकल्या. कोलकात्यात शिकणारा शेख मुजीब नावाचा तरुण तेव्हा पाकिस्तानसाठीच राबत होता. या लोकांना कुणी पाकिस्तानात ढकललं नव्हतं. त्यांनी तो उभा केला होता.

मग पंचवीस वर्षांत ते दुसरेच कुणी झाले का? तेही नाही. मातृभाषा १९४६ ला बंगालीच होती आणि १९७१ ला बहुतेकांचा धर्म इस्लामच होता. माणसं तीच, घरं तीच, नद्याही त्याच. बदलला होता तो प्रश्न विचारणारा.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. ओळख म्हणजे आपल्या आत पुरून ठेवलेला हंडा नव्हे, की खणलं आणि सापडला. ओळख हे उत्तर असतं आणि समोर कोण उभं राहून विचारतंय यावर ते ठरतं. पूर्व बंगालमधले जमीनदार बहुतांशी हिंदू होते आणि कुळं बहुतांशी मुसलमान. कचेरीत ओट्याखाली उभं राहून, ‘तू कोण?’ या नजरेला उत्तर देताना तो शेतकरी मुसलमान होता. मग फाळणी झाली, जमीनदार गेले, आणि विचारणारा बदलला. आता तो कराचीत बसला होता, पुढे रावळपिंडीत. त्याला उत्तर देताना तोच शेतकरी, त्याचाच मुलगा, बंगाली झाला.

या नव्या विचारणाऱ्याने प्रश्न विचारायला फार वेळ लावला नाही. २१ मार्च १९४८ ला जिनांनी ढाक्याच्या रेसकोर्सवर जाहीर केलं की पाकिस्तानची राज्यभाषा उर्दू असेल, दुसरी कुठली नाही. नव्या देशात निम्म्याहून जास्त लोकांची भाषा बंगाली होती. उर्दू मातृभाषा असलेले जेमतेम सात टक्के. जिनांच्या आधी महिनाभर, कराचीत संविधान सभेत, कोमिल्ल्याचे धीरेंद्रनाथ दत्त यांनी बंगालीलाही सभागृहात जागा द्या अशी सूचना मांडली होती. ती फेटाळली गेली. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. पुढे बंगालीला दर्जा मिळाला, पण संशय गेला नाही. बंगाली मुसलमान म्हणजे अर्धा हिंदूच, त्याची लिपी हिंदूंची, गाणी हिंदूंची, असं पश्चिमेकडच्या सत्ताधाऱ्यांना वाटत राहिलं. बंगाली अरबी लिपीत लिहायचे बेत झाले. १९६७ साली माहितीमंत्र्यांनी रेडिओवरच्या रवींद्रसंगीतावर गदा आणली. आणि त्याच वर्षी छायानट या संस्थेने ढाक्याच्या रमना उद्यानात पिंपळाखाली बंगाली नववर्षाची सकाळ गाण्यांनी साजरी करायला सुरुवात केली. रवींद्रनाथांची गाणी आधीही लोक म्हणत होतेच. बंदीची भाषा आल्यावर ती म्हणणं म्हणजे बाजू घेणं झालं. दडपणाऱ्यांना हे कधीच कळत नाही, हा माझा लाडका ऐतिहासिक विनोद आहे. विनोद रक्ताळलेला आहे, ते सोडा.

१२ नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात लाखो माणसं वाहून गेली आणि सरकारी मदत रखडली. महिन्याभरात निवडणूक झाली. पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी मुजीब यांच्या अवामी लीगने १६० जिंकल्या. पूर्ण पाकिस्तानातलं बहुमत. १ मार्च १९७१ ला याह्या खान यांनी राष्ट्रीय सभेचं अधिवेशन पुढे ढकललं आणि २५ मार्चच्या रात्री लष्कर ढाक्याच्या रस्त्यांवर उतरलं. विद्यापीठातलं जगन्नाथ हॉल, हिंदू विद्यार्थ्यांचं वसतिगृह, पहिल्या काही लक्ष्यांपैकी एक.

त्या रात्रीपर्यंत स्वायत्तता मागणारे, फेडरेशन चालेल म्हणणारे, मधला मार्ग निघेल म्हणणारे, पाकिस्तान टिकावा असं मनापासून वाटणारे, सगळे होते. युद्ध पहिल्यांदा काय करतं, तर मधल्या जागा नाहीशा करतं. शांततेच्या काळात ‘तू कोण?’ याला दहा उत्तरं चालतात : मी मास्तर, मी नोआखालीचा, मी कम्युनिस्ट, मी अमक्याचा जावई, मी मुसलमान, मी फुटबॉलवेडा. चौकीवर बंदूक रोखून विचारलं की दोनच उरतात, आणि त्यातलं एक जीव घेणारं असतं.

ही उपमा नाही. चौक्यांवर लोकांना कलमा म्हणून दाखवायला लावत, लुंगी उचलून सुंता झालीय का बघत. जगाला हे ज्याच्यामुळे ठळकपणे कळलं तो पत्रकार होता अँथनी मस्करेन्हस. गोव्याच्या कॅथलिक कुटुंबातला, बेळगावात जन्मलेला, कराचीत वाढलेला, पाकिस्तानी नागरिक. लष्कराने त्याला आपली बाजू दाखवायला पूर्वेकडे नेलं. तिथे पाहिलेलं तो पाकिस्तानात राहून लिहू शकत नव्हता, म्हणून आधी त्याने बायकोमुलांना बाहेर काढलं, स्वतः निसटला आणि १३ जून १९७१ च्या लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये सगळं लिहिलं. या युद्धात बेळगावचा गोवेकर पाकिस्तानी हीसुद्धा एक ओळख होती आणि तिला कुठल्याच बाजूला जागा नव्हती. तरी त्याने जे केलं ते केलं. राष्ट्रीय ओळखीशिवायही माणसाला कणा असू शकतो, याचा दाखला हवा असेल तर हा घ्या.

आणि धीरेंद्रनाथ दत्त? १९४८ साली बंगालीची मागणी करणारे ते गृहस्थ आता ८४ वर्षांचे होते. २९ मार्च १९७१ ला लष्कराने त्यांना मुलासकट घरातून उचललं. दोघेही परतले नाहीत. तेवीस वर्षांपूर्वीचं एक भाषण त्या लोकांनी लक्षात ठेवलं होतं.

तरीही नुसत्या भीतीने राष्ट्र होत नाही. एक कोटीच्या आसपास माणसं सीमा ओलांडून भारतात आली, म्हणजे पळण्यासाठी भीती पुरते. राहून लढणाऱ्यांना आणखी काही लागतं. मला इथे नेहमी ‘चरमपत्र’ हा रेडिओ कार्यक्रम आठवतो. ‘स्वाधीन बांगला बेतार केंद्र’ हे बंडखोरांचं रेडिओ स्टेशन आधी चितगावजवळच्या कालुरघाटवरून आणि पुढे कोलकात्याहून चालायचं. तिथे एम. आर. अख्तर मुकुल रोज पाकिस्तानी लष्कराची टर उडवायचे, आणि तेही शुद्ध पुस्तकी बंगालीत नाही, ढाक्याच्या गल्लीतल्या ठसकेबाज बोलीत. दारं-खिडक्या लावून, आवाज अगदी बारीक करून घरोघरी ते ऐकलं जायचं. पकडलं तर जीव जायचा. आपण ऐकतोय त्याच क्षणी शेजारच्या घरात, पलीकडच्या गावात, कधी न पाहिलेल्या कुणाच्या तरी अंधाऱ्या खोलीत हेच ऐकलं जातंय आणि तिथेही कुणी तरी तोंडावर हात ठेवून हसतंय, ही जाणीव मला झेंड्यापेक्षा मोठी वाटते. त्या नऊ महिन्यांत लाखो माणसांनी एकमेकांना न बघता एकमेकांवर विश्वास ठेवला. अनोळखी माणसाला घरात लपवलं, नदीपार नेलं, भात वाढला. ‘राष्ट्र ही कल्पना आहे’ असं कॉलेजच्या कट्ट्यावर म्हणणं सोपं आहे. त्या अनोळखी माणसाला दार उघडणाऱ्या बाईच्या बाबतीत ती कल्पना नव्हती.

म्हणून मला राष्ट्रीय ओळखीला खोटं ठरवणाऱ्यांचा कंटाळा येतो. ती बनवलेली असते, हे खरंच. भाकरीही बनवलेलीच असते.

माझी अडचण नंतरची आहे. १६ डिसेंबरनंतरची.

फ्रेंच विचारवंत एर्नेस्त रेनाँ यांचं १८८२ सालचं ‘राष्ट्र म्हणजे काय’ हे व्याख्यान प्रसिद्ध आहे. एकत्र सोसलेलं दुःख हे एकत्र उपभोगलेल्या सुखापेक्षा घट्ट बांधतं, असं त्यांचं म्हणणं. त्याच व्याख्यानात त्यांनी असंही सांगितलं की राष्ट्र व्हायचं तर बरंच काही विसरावं लागतं. पहिलं वाक्य सगळे नेते वापरतात. दुसरं कुणी उच्चारत नाही, फक्त अमलात आणतं.

कुणाला विसरायचं? बांगलादेशपुरतं बोलायचं तर पहिला नंबर बायकांचा. युद्धात बलात्कार झालेल्या बायकांची संख्या सरकारी आकड्यांत लाखांमध्ये आहे. नव्या सरकारने त्यांना ‘बीरांगना’ म्हटलं, वीरांगना. जगात दुसऱ्या कुठल्या राज्यसंस्थेने अशा बायकांना इतक्या लवकर, जाहीरपणे मान दिल्याचं उदाहरण मला माहीत नाही, आणि त्यामागचा हेतू खरा होता असंच मी मानतो. पण घडलं काय? त्या शब्दाचाच शिक्का झाला. गावात ‘बीरांगना’ म्हणजे काय हे सगळ्यांना कळायचं. कितीतरी घरांनी दारं बंद केली. युद्धातून जन्मलेली मुलं परदेशात दत्तक देण्यासाठी १९७२ साली खास आदेश निघाला. नव्या राष्ट्राला त्या बायकांचं दुःख हवं होतं, पण त्या बाया आणि त्यांची मुलं अंगणात नको होती. नीलिमा इब्राहिम यांनी सात जणींच्या हकिकती पुस्तकात आणल्या त्या १९९० च्या दशकात. शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी स्वतःच्या नावानिशी, चेहऱ्यानिशी आपल्यावर काय गुदरलं ते सांगितलं, तेही त्याच दशकात. त्या वाळक्या फांद्या, मुळं, टाकून दिलेली लाकडं घेऊन शिल्पं करायच्या. बीरांगनांना कागदोपत्री ‘मुक्तियोद्धा’ मानायला सुरुवात झाली ती २०१५ साली. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षं. लढलेल्या पुरुषाला प्रमाणपत्र मिळायला एवढी वाट पाहावी लागली नव्हती.

दुसरे बिहारी. फाळणीच्या वेळी बिहार आणि आसपासच्या भागातून पूर्व पाकिस्तानात आलेले उर्दू बोलणारे मुसलमान. म्हणजे एका राष्ट्राच्या जन्मात घर गमावलेली माणसं दुसऱ्या राष्ट्राच्या जन्मात सापडली. त्यांच्यातले बरेच लष्कराच्या बाजूने गेले, रझाकार झाले, हत्यांत सामील झाले. हे खरं आहे. मार्च १९७१ मध्ये आणि पुढच्या आठवड्यांत चितगाव, खुलना, सांताहार इथे बिहारी कुटुंबंच्या कुटुंबं कापली गेली, हेही खरं आहे. दुसरं वाक्य लिहिलं की पहिल्याला खोडायला निघालात का, असा सवाल येतो. मी खोडत नाही. लष्कराच्या संहाराशी याची बरोबरी होत नाही, आणि बरोबरी होत नाही म्हणून मेलेलं मूल जिवंतही होत नाही.

विजयानंतर बिहाऱ्यांना छावण्यांत ठेवलं. ढाक्यातल्या मोहम्मदपूरची ‘जिनिव्हा कॅम्प’ त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. पाकिस्तानने थोड्यांना नेलं, बाकीच्यांना नको म्हटलं. बांगलादेशने आपलं म्हटलं नाही. २००८ साली उच्च न्यायालयाने निकाल दिला की १९७१ मध्ये अज्ञान असलेले किंवा त्यानंतर जन्मलेले नागरिक आहेत. म्हणजे ज्या मुलाचा जन्म १९८५ चा, जो शाळेत बंगाली शिकला, त्याला त्याच्या जन्माआधीच्या युद्धातल्या बाजूबद्दल वयाच्या तेविसाव्या वर्षी माफी मिळाली. आज ढाक्यातली तरुण मंडळी रात्री चाप आणि कबाब खायला जिनिव्हा कॅम्पमध्ये गर्दी करतात. खाऊन झालं की गाड्या काढून घरी जातात. कॅम्पातल्या कुटुंबांना तिथल्याच आठ बाय दहाच्या खोल्यांत झोपायचं असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. ३१ ऑक्टोबर १९७२. नव्या देशाचं संविधान जवळजवळ तयार आहे. एक सदस्य दुरुस्ती सुचवतो : बांगलादेशचे नागरिक ‘बंगाली’ म्हणून ओळखले जातील. सभागृहात बहुतेकांना यात वावगं काय हे कळलंही नसेल. त्याच शब्दासाठी तर एवढे मेले होते. तेव्हा चितगावच्या डोंगराळ भागातले सदस्य मानवेंद्र नारायण लारमा उठले. त्यांचं म्हणणं साधं होतं : मी चाकमा आहे. माझे बाप-आजे, चौदा पिढ्यांत कुणी स्वतःला बंगाली म्हटलेलं नाही. मी बांगलादेशचा नागरिक आहे, बंगाली नाही. दुरुस्ती मंजूर झाली. लारमा सभागृहाबाहेर पडले.

चोवीस वर्षांपूर्वी कराचीत धीरेंद्रनाथ दत्त उभे होते, तिथे आता ढाक्यात लारमा उभे होते. फक्त समोर बसलेले लोक बदलले होते, आणि त्यातल्या अनेकांनी तरुणपणी दत्तांच्या बाजूने लाठ्या खाल्ल्या होत्या. प्रश्नाला उत्तर देणारे आता प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसले होते. खुर्ची तीच.

यावर लगेच उत्तर येतं : पण चाकमा तर पाकिस्तानच्या बाजूने होते ना? चाकमा राजा त्रिदिव राय होते, आणि ते कायमचे पाकिस्तानातच राहिले, तिथे मंत्री झाले. १९७२ साली बांगलादेशला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळू नये यासाठी पाकिस्तानने त्यांना न्यूयॉर्कला पाठवलं, तेव्हा मुजीब यांनी मुलाचं मन वळवायला बांगलादेशच्या बाजूने त्यांच्या आईला, राजमाता बिनिता राय यांना धाडलं. आईमुलाची भेट झाली. मुलगा परतला नाही. या एका प्रसंगात मला अख्खं १९७१ दिसतं. पण त्याच डोंगरातले माँग राजे मुक्तिवाहिनीबरोबर होते, आणि यू. के. चिंग मारमा यांना लढाईतल्या शौर्यासाठी ‘बीर बिक्रम’ मिळालं. बरं, समजा एकही चाकमा लढला नसता, तरी? १९६० च्या सुमाराला काप्ताई धरणाच्या पाण्याखाली त्यांच्या सुपीक जमिनी गेल्या, लाखभर माणसं उठली, तेव्हा त्यांच्या बाजूने मैदानातल्या किती बंगाल्यांनी मोर्चा काढला होता? कुणाच्या युद्धात कोण किती मेलं याचा हिशेब करून नागरिकत्व द्यायचं ठरवलं, तर तो हिशेब कुठून सुरू करायचा हे आधी विचारावं लागेल. लारमांच्या पक्षाने पुढे शस्त्रं घेतली. डोंगरात दोन दशकं रक्त सांडलं. करार झाला १९९७ साली.

मी वाचताना सतत या ठिकाणी अडखळतो. बलिदानातून नैतिक अधिकार निर्माण होतो, असं आपण सगळेच गृहीत धरतो. होतो का? मेलेल्यांचं आपण देणं लागतो, हे मला मान्य आहे. त्यांची आठवण ठेवणं, त्यांच्याबद्दल खोटं न बोलणं, ज्यांनी मारलं त्यांना मारलं असं म्हणणं. पण हे देणं मेलेल्यांचं आहे. ते वसूल करायला मात्र नेहमी जिवंत माणूस येतो, हातात पावतीबुक घेऊन. त्याला हे वसुलीचं मुखत्यारपत्र कुणी दिलं?

बांगलादेशात ही पावती शब्दशः होती. मुक्तियोद्धा असल्याचं प्रमाणपत्र. पेन्शन, नोकरीत राखीव जागा. लढून पांगळा झालेल्या माणसाला आधार देणं न्याय्यच होतं. मग आरक्षण मुलांपर्यंत आलं, मग नातवंडांपर्यंत. सरकार बदललं की मुक्तियोद्ध्यांची यादी बदलायची. २०१४ साली तर काही सचिव दर्जाच्या अधिकाऱ्यांची प्रमाणपत्रं खोटी निघाली आणि रद्द झाली. वाद चालू राहिला तो संविधानातही : १९७२ ला ‘बंगाली’, झियाउर रहमान यांच्या काळात ‘बांगलादेशी’, २०११ ला राष्ट्र म्हणून बंगाली आणि नागरिक म्हणून बांगलादेशी. आणि हळूहळू सत्ताधारी पक्षाच्या विरोधात बोलणारा कुणीही, मग तो १९७१ नंतर तीस वर्षांनी जन्मलेला का असेना, रझाकार ठरू लागला. ज्या शब्दाने एके काळी खुनी माणसाकडे बोट दाखवलं जायचं, तो आता वर्गात जास्त प्रश्न विचारणाऱ्या पोरालाही चिकटवता येत होता.

त्यामुळे १४ जुलैची घोषणा मला देशद्रोही वाटली नाही, तशी ती निव्वळ गंमतही वाटली नाही. मुलं म्हणत होती : चौकीवरचा प्रश्न तुम्ही आता विचारताय. दोन दिवसांनी रंगपूरमध्ये अबू सय्यद हा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि गोळ्या लागून गेला. त्याचं ते चित्र आता तिथल्या भिंतींवर आहे.

पण मला एक भीतीही आहे. ५ ऑगस्टला जमावाने मुजीब यांचे पुतळे पाडले, धानमंडी ३२ मधलं त्यांचं घर जाळलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या घरावर यंत्रं घालून ते जमीनदोस्त केलं. मुलीने बापाच्या नावावर जे केलं त्याचा राग समजू शकतो. पण १९७१ ही हसीनांची खासगी मालमत्ता नव्हती, हेच तर आंदोलन सांगत होतं. मग ती त्यांची मालमत्ता असल्यासारखी का जाळायची? दार उघडणाऱ्या त्या बाईचं, चरमपत्र ऐकून तोंड दाबून हसणाऱ्यांचं १९७१ त्या घराबरोबर कुणाच्या नावावर चढवलं गेलं? आणि ‘जुलैचे योद्धे’ आता यादीत येतील, मग त्यांची मुलं, मग नातवंडं.

हसीना गेल्यानंतरच्या आठवड्यांत मुलांनी ढाक्याच्या भिंती रंगवल्या. त्यातलं एक चित्र खूप गाजलं : एक झाड, आणि त्याच्या पानांवर लिहिलेलं, हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिश्चन, आदिवासी. शेजारी सूचना, बागेत असते तशी : पानं तोडण्यास मनाई आहे. नव्या सरकारच्या पाठ्यपुस्तक मंडळाने ते नववी-दहावीच्या बंगाली व्याकरणाच्या पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर छापायला घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये एका गटाने ‘आदिवासी’ या शब्दाला हरकत घेतली : या देशात आदिवासी नाहीत, हा शब्द सार्वभौमत्वाला धोका आहे. मंडळाने चित्र काढून टाकलं. १५ जानेवारीला डोंगरातली आणि मैदानातली आदिवासी मुलं मंडळाच्या कार्यालयासमोर निषेध करायला गेली, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. मारणाऱ्यांच्या हातातल्या काही काठ्यांना राष्ट्रध्वज बांधलेले होते.

पुस्तक आलं. मागच्या कव्हरवर आता दुसरं चित्र आहे.